धाव संपल्यावरचे लंगडणे

घोड्यांच्या शर्यतींवरील पैजांचा वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेला, तेव्हा चर्चा झाली ती क्लबांच्या उत्पन्नाची आणि बुकींच्या अडचणींची. खर्चाला कात्री लागली की तबेल्यातून सर्वांत आधी बाहेर पडणाऱ्या लंगड्या घोड्याचा विचार फारसा कोणी केला नाही. पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर हा हंगाम आटोपल्यावर असा घोडा भोरच्या किंवा आता राजगड असे नाव मिळालेल्या वेल्हे तालुक्यातील एखाद्या फार्महाऊसवर आला, तर सपाट धावपट्टीवर झाकून राहिलेली मागच्या पायाची खोट तेथे उघडी पडते, कारण चढावर शरीर पुढे रेटण्याचे आणि उतारावर तोल सावरण्याचे मोठे काम मागच्या पायांनाच करावे लागते.

दुखरा पाय कोणता, हे ठरवणेही वाटते तितके सोपे नाही. दुडकी चालीत कर्णरेषेतील दोन पाय जोडीने पडत असल्यामुळे मागचा दुखरा पाय टेकताना घोडा भार पुढे ढकलण्यासाठी मान खाली टाकतो आणि पाहणाऱ्याला त्याच बाजूचा पुढचा पाय लंगडा वाटतो. म्हणून अनुभवी पशुवैद्य मागे उभा राहून, दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा अधिक वरखाली होतो का, हे आधी पाहतो. पाय काही वेळ दुमडून धरायचा आणि लगेच घोडा पळवायचा, या चाचणीवर मात्र गरजेपेक्षा अधिक विश्वास ठेवला जातो, कारण घोड्याचा हॉक, म्हणजे माणसाच्या घोट्याच्या जागी येणारा सांधा, दुमडला की स्टायफल हा गुडघ्याच्या जागचा सांधाही आपोआप दुमडतो आणि दुखणे नेमके कोणत्या सांध्याचे, हे कळत नाही. खुरापासून वर जात टप्प्याटप्प्याने मज्जातंतूंना भूल द्यावी, लंगडणे जेथे थांबेल तेथे क्ष-किरण किंवा सोनोग्राफी करावी, हा मार्ग वेळखाऊ असला तरी अधिक भरवशाचा आहे.

हा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर उपचारांत सापडते. शर्यतीतून आलेल्या घोड्याच्या हॉकमधील खालच्या सांध्यांची झीज झालेली असेल, तर सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन, नाल बदलणे आणि मऊ, सपाट जमिनीवरचा बेताचा व्यायाम उपयोगी पडतो. या सांध्यांची हालचाल मुळातच अल्प असल्याने ते कालांतराने जुळून एकसंध झाले, तर दुखणे थांबूही शकते. याउलट व्यायाम सुटून मांडीचे स्नायू सैल पडलेल्या घोड्यात गुडघ्याची वाटी अडकते, ज्यात वाटीचा आतला अस्थिबंध मांडीच्या हाडाच्या कडेवर रुतून राहतो आणि पाय मागे ताठ ओढला जातो. अशा वेळी तबेल्यातील सक्तीची विश्रांती स्नायूंना आणखी दुबळे करते, तर हळूहळू वाढवत नेलेली चढाची चाल हाच पहिला उपाय ठरतो. एकाला तारणारा चढ दुसऱ्याला मारक ठरू शकतो. बैल-म्हशींत हाच अस्थिबंध कापण्याची शस्त्रक्रिया ग्रामीण पशुवैद्यांच्या हातची असली, तरी घोड्यात त्यानंतर वाटीचे तुकडे सुटण्याचा धोका असल्याने ती अखेरचा पर्याय म्हणूनच करावी.

निदानाआधी वेदनाशामक टोचून घोड्याला कामाला लावण्याची सवय तर सर्वांत घातक आहे. दुखणे दबले की घोडा दुखावलेल्या पायावर पूर्ण भार टाकतो आणि झीज वाढते. शिवाय गिधाडांच्या मृत्यूंमुळे जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर 2006 मध्ये, तर किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवर 2023 मध्ये बंदी आली असल्याने, सह्याद्रीत मेलेले जनावर उघड्यावर टाकणाऱ्यांनी औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचलेच पाहिजे.

भोरच्या सीमेवर, नीरा नदीपलीकडे शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यामुळे तज्ज्ञ सल्ल्यासाठी मुंबईच गाठावी लागते, ही सबब येथे चालणार नाही. स्वस्तात मिळालेला घोडा घेणाऱ्यांनी सौदा ठरवण्याआधी त्याला कडक जमिनीवर दुडकी चालवून पाहावे आणि आधीच्या मालकाकडून उपचारांची कागदपत्रे व क्ष-किरण चित्रे मागून घ्यावीत.