'नाइस'ची नवलकथा

बालदोस्तांनो, वहीत बाईंनी लाल शाईनं 'नाइस' लिहिलं की तुम्ही उड्या मारत घरी जाता ना? मीही परवा आमच्या चौथीतल्या एका मुलीच्या निबंधाखाली तसंच लिहिलं. ती वही घेऊन टेबलाशी आली नि म्हणाली, "बाई, पण यातलं नक्की काय छान आहे?" मला चटकन सांगता येईना!

घरी येऊन शब्दकोश उघडला, तर काय गंमत! 'नाइस'चं मूळ लॅटिन भाषेतल्या 'नेस्कियस' या शब्दात आहे. 'ने' म्हणजे नाही आणि 'स्किरे' म्हणजे जाणणे. ज्याला काहीच कळत नाही, तो नेस्कियस! फ्रेंचमधून हा शब्द सुमारे ७०० वर्षांपूर्वी इंग्रजीत आला. तेव्हा कुणाला 'नाइस' म्हणणं म्हणजे चक्क मूर्ख म्हणणं होतं. आणि ऐका, 'सायन्स' हा शब्दही त्याच 'स्किरे'पासून आलाय. एकाच घरातली दोन भावंडं, एक जाणतं, दुसरं अडाणी!

पुढे 'नाइस'चे अर्थ बदलत गेले. लाजाळू झाला, चोखंदळ झाला. चोखंदळ माणूस बारीकसारीक फरक पाहतो, म्हणून 'सूक्ष्म' असाही अर्थ आला. अगदी बारीक फरकाला इंग्रजीत आजही 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणतात. अठराव्या शतकात 'छान' हा अर्थ रुळला आणि मग काय, जो तो ऊठसूट 'नाइस' म्हणू लागला! जेन ऑस्टिन या लेखिकेच्या, १८१७च्या अखेरीस निघालेल्या 'नॉर्थँगर ॲबी' कादंबरीत नायक नायिकेची यावरूनच थट्टा करतो. हा शब्द म्हणे कशालाही चालतो!

आपल्याकडेही 'शहाणा' शब्द पाहा. आई कौतुकानं म्हणते तेव्हा एक अर्थ, आणि "मोठा शहाणा आलास!" म्हणते तेव्हा अगदी उलटा. शब्दाला अर्थ देतात ती बोलणारी माणसंच.

दुसऱ्या दिवशी मी ती वही परत मागितली. 'नाइस'खाली लिहिलं, 'आजीच्या भाकरीबद्दल वाचताना मला चुलीचा वास आला.' वाचून पोरीचा चेहरा असा फुलला म्हणता!

आज जेवताना नुसतं 'छान' म्हणू नका. काय आवडलं तेही आईला सांगा. आणि पालकहो, मुलांनी काढलेलं चित्र पाहताना तुम्हीसुद्धा!