निरोप्यांची बदनामी

२०२१च्या एप्रिलमध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांच्या रक्ताचा रिपोर्ट येऊन पडला. सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत आयएल-६ : ४२. शेजारी बारीक टाइपात ‘सामान्य : ७ पेक्षा कमी’. पाच मिनिटांत एका मामेभावाने निकाल दिला, “सायटोकाइन स्टॉर्म सुरू झालं.” मामींनी विचारलं, “म्हणजे विष चढलं का रे अंगात?”

त्या काळात घरोघरी हाच प्रश्न होता. आणि विष चढण्याची कल्पना हाच पहिला गैरसमज.

सायटोकाइन म्हणजे विष नव्हे आणि विषाणूचा मालही नव्हे. ही आपल्याच पेशींनी बनवलेली छोटी प्रथिनं, पेशींचे निरोपे म्हणा हवं तर. एखाद्या पेशीत विषाणू शिरला की ती इंटरफेरॉन नावाचं प्रथिन बाहेर सोडते. शेजारच्या पेशींना निरोप पोचतो आणि त्या दारं-खिडक्या लावून घेतात : शेकडो जनुकं कामाला लागतात, विषाणूला आपल्या प्रती काढणं अवघड होतं. १९५७ साली लंडनच्या मिल हिल इथल्या प्रयोगशाळेत आयझॅक्स आणि लिंडेनमान या दोघांनी हे प्रथिन ओळखलं. विषाणूच्या कामात लुडबूड करतं म्हणून त्याचं नावच ‘इंटरफेरॉन’. आयएल-६ हा दुसरा निरोप्या. तो यकृताला सीआरपी बनवायला सांगतो आणि मेंदूला ताप चढवायला. म्हणजे रिपोर्टात वर छापलेला सीआरपी हा बऱ्याच अंशी खाली छापलेल्या आयएल-६चाच प्रताप.

फ्लूमध्ये अंग मोडून येतं ते विषाणू हाडं चावतो म्हणून नव्हे. ‘हेपेटायटिस सी’साठी पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत, तेव्हा त्या रुग्णांना फ्लू नसतानाही थंडी वाजायची, ताप यायचा, सांधे ठणकायचे. सगळा त्रास निरोप्याचा.

दुसरा समज जास्त चिवट आहे : इम्युनिटी दणकट असली की विषाणू काय करणार! या एका वाक्यावर किती काढे, चूर्णं आणि गोळ्या खपल्या त्याला गणती नाही. प्रतिकारशक्ती म्हणजे काही बँकेतली शिल्लक नव्हे, की जितकी जास्त तितकी बरी. २००६च्या मार्चमध्ये लंडनमध्ये टीजीएन१४१२ या नव्या औषधाची पहिली मानवी चाचणी झाली. सहा धडधाकट तरुण, आजार कुठलाही नाही. औषध टी-पेशींना थेट चेतवणारं होतं. दीड तासाच्या आत डोकेदुखी, मळमळ, ताप सुरू झाला आणि दिवसभरात सहाही जण अतिदक्षता विभागात. फुप्फुसं, मूत्रपिंडं ढेपाळली. सगळे वाचले, पण अंगात एकही विषाणू नसताना नुसत्या निरोपांच्या गदारोळाने धट्टीकट्टी माणसं कोलमडू शकतात हे तिथे दिसलं.

पण यावरून ‘प्रतिकारशक्तीच वैरी’ असा निष्कर्ष काढणंही चुकीचंच. २०२०मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात गंभीर कोविडच्या ९८७ रुग्णांचा अभ्यास छापून आला. त्यांतल्या १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली. १०१पैकी ९५ पुरुष. लक्षणंच नसलेल्या किंवा सौम्य आजार झालेल्या ६६३ जणांत अशी प्रतिपिंडं एकाकडेही नव्हती. म्हणजे या लोकांचा पहिला निरोप्या वेशीवरच अडवला गेला होता. विषाणू निवांत वाढला आणि दंगा झाला तो नंतर. गंभीर आजाराची गोष्ट बरेचदा अशीच असते : सुरुवातीचा निरोप उशिरा किंवा दबक्या आवाजात आणि नंतरचा आरडाओरडा थांबता थांबत नाही. कोविडचा विषाणू तर इंटरफेरॉनचा निरोप दाबण्यात पटाईतच.

आता मामांच्या ४२ या आकड्याकडे वळू. कोविडच्या गंभीर रुग्णांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर आयएल-६ची सरासरी सुमारे ३७ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर भरली. रक्ताच्या कर्करोगावरच्या कार-टी उपचारानंतर जे खरंखुरं वादळ उठतं, त्यात हाच आकडा तीन हजारांवर जातो. सेप्सिसमध्येही तो शेकड्यांत असतो. त्यामुळे ४२ला ‘स्टॉर्म’ म्हणणं म्हणजे श्रावणातल्या सरीला चक्रीवादळ म्हणणं. मामा गंभीर नव्हते असा याचा अर्थ नाही. रक्तातला आकडा लहान असला तरी फुप्फुसाच्या आत स्थानिक जळजळ मोठी असू शकते. म्हणूनच खाटेजवळ उभा असलेला डॉक्टर आधी ऑक्सिजन बघतो, रिपोर्ट नंतर.

मग निरोप्यांचं तोंड पहिल्या दिवसापासूनच का बंद करू नये? हा गैरसमज सर्वांत महागात पडला. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन हे चार-दोन रुपयांचं जुनं स्टेरॉइड तपासलं गेलं. व्हेंटिलेटरवरच्या दर १०० रुग्णांमागे मृत्यू ४१वरून २९वर आले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६वरून २३वर. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसलाच नाही. तिथे मृत्यू १४ऐवजी १८ होते. हा फरक योगायोगाचाही असू शकेल, पण घाई करावी असं त्यात काहीच नव्हतं. तरी दुसऱ्या लाटेत आपल्याकडे साधा ताप आला तरी स्टेरॉइड सुरू झालं, साखर बेलगाम वाढली आणि मधुमेहींच्या या देशात काळ्या बुरशीचे हजारो रुग्ण निघाले. दुसरीकडे आयएल-६चा निरोप अडवणाऱ्या टोसिलिझुमॅबच्या ४० हजार रुपयांच्या आसपासच्या कुपीसाठी नातेवाईक गावोगाव फिरत होते. ‘रिकव्हरी’मध्ये त्याने मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१वर आणले, तेही ऑक्सिजन कमी झालेल्या आणि सीआरपी चढलेल्या निवडक रुग्णांत. फायदा खरा होता, पण तो रामबाण कधीच नव्हता.

उलट दिशेनेही हेच. इंटरफेरॉन उपयोगी म्हणून रुग्णालयात दाखल झालेल्यांना ते टोचून पाहिलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत. निरोपाची वेळ टळून गेली होती.

कोविड मागे पडला, पण दरवर्षी पावसाळ्यात डेंगी येतो आणि त्याच्यासोबत एक जुनं वाक्य : “ताप उतरला, सुटलो!” डेंगीत खरी पाळत ठेवायची वेळ तिथेच सुरू होते. ताप उतरताना, आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, रक्तातला विषाणू ओसरत असतो. पण सायटोकाइन आणि विषाणूचं एनएस१ हे प्रथिन यांच्यामुळे बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातलं पाणी छातीत, पोटात उतरतं, रक्त घट्ट होतं, रक्तदाब घसरतो. हा धोका २४ ते ४८ तासांचा. इथे स्टेरॉइडचा उपयोग नाही, आणि पपईच्या पानांचा रस हे पाझरणं थांबवत नाही. लागतं ते मोजूनमापून दिलेलं सलाइन आणि जागं माणूस : पोट सारखं दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, हिरड्यांतून रक्त येतंय का, हातपाय गार पडलेत का, गेल्या सहा तासांत लघवी झाली का, हे विचारत राहणारं.