पंचाचा शब्द आणि कॅमेऱ्याची साक्ष

(नेर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय खेळाचा आहे, पण आम्ही तो खेळापुरता मांडणार नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचं आयुष्य गेलं. तेव्हा ‘निकाल बरोबर की चूक’ असा वाद ऐकला की आमच्या मनात आधी वेगळाच प्रश्न येतो: बरोबर म्हणजे काय? आणि ते ठरवायचं कोणी?

प्रसंग तुम्हाला ठाऊक आहे. 2 फेब्रुवारी 2025, अहिल्यानगर, महाराष्ट्र केसरी स्पर्धा. गादी विभागातल्या निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे समोरासमोर होते. पंचांनी राक्षे चितपट झाल्याचा निकाल दिला. राक्षेचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा. वाद चिघळला, राक्षेने पंचांना लाथ मारली. पुढे मोहोळ आणि महेंद्र गायकवाड यांची अंतिम कुस्ती झाली. तिथेही गुणावरून वाद झाला आणि काही सेकंद उरले असताना गायकवाड आखाडा सोडून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी ठरला, आणि राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

तीन वर्षं! पहिलवानाच्या आयुष्यात ती किती मोठी, हे खुराकाचा खर्च उचलणाऱ्या बापाला विचारा. म्हणून हा विषय चहाच्या टपरीवर सोडून देण्यासारखा नाही.

या वादात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पहिला, घडलं काय? दुसरा, घडलं त्याला नाव काय द्यायचं? तिसरा, शेवटचा शब्द कोणाचा? कॅमेरा या तिघांनाही उत्तर देतो, असा आपला समज झाला आहे. तो कितपत खरा, ते बघू.

घडलं काय?

इथे कॅमेऱ्याचं काम चोख आहे. नोव्हेंबर 1992 मध्ये डर्बनला दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीत तिसऱ्या पंचाने पडद्यावर बघून पहिल्यांदा फलंदाज धावबाद दिला. तो फलंदाज कोण? आपला सचिन तेंडुलकर. बॅट रेषेच्या आत होती की बाहेर, एवढाच सवाल होता. चित्र थांबवलं, बघितलं, निकाल दिला.

युरोपातल्या फुटबॉलला इथवर यायला फार वेळ लागला. 1966 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा फटका आडव्या दांड्याला लागून खाली आपटला. चेंडू रेषेच्या आत पडला की नाही, यावर आजही वाद चालतो. 2010 मध्ये दक्षिण आफ्रिकेत उलट झालं. जर्मनीविरुद्ध फ्रँक लॅम्पार्डचा चेंडू स्पष्टपणे आत पडला. घरी टीव्ही बघणाऱ्या जगाला तो दिसला, फक्त मैदानावरच्या पंचांना दिसला नाही. त्यानंतर 2012 मध्ये गोलरेषेच्या तंत्राला मान्यता मिळाली आणि 2018 च्या विश्वचषकात व्हिडिओ पंच आला.

पण कॅमेऱ्यालाही डोळ्यासारखीच मर्यादा आहे, आड आलेलं त्याला दिसत नाही. 17 जून 2020 रोजी ॲस्टन व्हिला आणि शेफिल्ड युनायटेड यांच्या सामन्यात गोलरक्षक चेंडू हातात घेऊन रेषेच्या आत गेला आणि पंचाच्या घड्याळाने इशाराच दिला नाही. सात कॅमेऱ्यांसमोर खेळाडूंची आणि खांबाची आड आली होती. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. हंगामाच्या शेवटी व्हिला फक्त एका गुणाने वरच्या साखळीत टिकला.

आता कुस्ती डोळ्यांपुढे आणा. एक पहिलवान वर, एक खाली. प्रश्न आहे खालच्याच्या खांद्याखाली गादी आहे की पोकळी. आणि नेमकं तेच वरच्याच्या शरीराने झाकलेलं असतं. एका बाजूच्या मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ म्हणजे एका बाजूने दिलेली साक्ष. ती खोटी नसते, पण पुरी असेलच असं नाही.

नाव काय द्यायचं?

हा प्रश्न अवघड. जानेवारी 2023 मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या माती विभागातल्या कुस्तीचा वाद आठवा. गायकवाडने बाहेरील टांग मारली, त्याला चार गुण मिळाले. टांग लागली यावर वाद नव्हता. सिकंदर पाठीच्या बाजूने धोक्याच्या स्थितीत आला होता का, म्हणजे डाव चार गुणांचा होता का, हा वाद होता. महाराष्ट्रभर लोकांनी तोच व्हिडिओ दहा-दहा वेळा पाहिला आणि भांडण जिथल्या तिथे राहिलं. कारण चित्रावर नाव लिहिलेलं नसतं. नाव आपण देतो.

फुटबॉलमध्ये चेंडू हाताला लागला, हे कॅमेरा सांगतो. तो गुन्हा आहे का, हात नैसर्गिक जागी होता का, हे पंच सांगतो. शिवाय चित्र संथ केलं की आणखी एक गंमत होते. 2016 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की तीच कृती संथ गतीने दाखवली तर बघणाऱ्याला ती जास्त हेतुपुरस्सर वाटते. अर्ध्या सेकंदात झालेली गोष्ट पाच सेकंद दिसली की वाटतं, याला विचार करायला केवढा वेळ होता! वेळ आपण वाढवला आणि दोष त्याच्या माथी मारला.

मग रेषेचे प्रश्न तरी सोपे का? ऑफसाइड घ्या. कॅमेरा सेकंदाला 50 चित्रं घेतो असं धरू. सेकंदाला 8 मीटर धावणारा खेळाडू दोन चित्रांच्या मध्ये 16 सेंटिमीटर पुढे जातो. मग दोन सेंटिमीटरच्या फरकावर गोल रद्द करताना कोणतं चित्र खरं धरायचं? 2022 च्या विश्वचषकात छताखाली 12 कॅमेरे लावले आणि चेंडूत सेकंदाला 500 नोंदी घेणारं यंत्र बसवलं. फरक खूप कमी झाला. पण चेंडू ‘खेळला’ म्हणजे नेमका कोणता क्षण, ही व्याख्या माणसानेच केलेली आहे.

आपल्या घरचं उदाहरण देतो. सोयाबीन बाजार समितीत नेलं की मीटर लावून ओलावा मोजतात. हमीभावाच्या खरेदीला मर्यादा 12 टक्के. मीटर 13 दाखवतो, पोतं परत. 2024 च्या हंगामात सरकारने ती मर्यादा 15 पर्यंत शिथिल केली. सोयाबीन तेच, मीटर तोच, पण निकाल बदलला! मीटरने ओलावा मोजला, रेषा मात्र माणसांनी आखली. म्हणून ‘मशीनने सांगितलं’ असं कोणी म्हणालं की आपण विचारावं: मशीनने मोजलं हे ठीक, पण रेषा कोणी आखली?

शेवटचा शब्द कोणाचा?

इथे आपल्या जुन्या दर्शनांकडे वळतो. घाबरू नका, थोडक्यात सांगतो.

आपल्याकडे एक मोठा वाद झाला. ज्ञान खरं आहे हे कशावरून कळतं? मीमांसक म्हणाले, ज्ञान मुळातच प्रमाण असतं. त्याला खोटं ठरवणारा बाधक पुढे आला तरच ते सोडायचं. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक म्हणाले, नाही. ज्ञानाचं खरेपण बाहेरून तपासावं लागतं. लांबून चांदी दिसली, जवळ जाऊन उचलली तर शिंपला निघाला. हे परतःप्रामाण्य. त्यावर मीमांसकांनी विचारलं, तपासणाऱ्या ज्ञानाला कोण तपासणार? आणि त्याला कोण? हा अनवस्था दोष. साखळी संपतच नाही.

आजच्या फुटबॉलचा नियम काय आहे? ‘स्पष्ट आणि उघड चूक’ दिसली तरच मैदानावरचा निर्णय बदलायचा. हा मीमांसकांचा पक्ष झाला. पंचाचा निर्णय आधी प्रमाण, बाधक सापडला तर रद्द. क्रिकेटमधला ‘अंपायर्स कॉल’ त्याच जातीचा. चेंडू यष्टीला जेमतेम लागेल असं यंत्र म्हणतं, तेव्हा यंत्राचा अंदाज चुकण्याइतका फरक शिल्लक असतो, म्हणून मैदानावरच्या पंचाचा शब्द कायम. लोक त्यावर चिडतात, पण यंत्राने स्वतःच्या मर्यादेचा मान ठेवण्याची ही रीत आहे.

अनवस्थाही आम्ही पाहिली. 30 सप्टेंबर 2023, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लुईस दियाझचा गोल मैदानावर ऑफसाइड दिला गेला. व्हिडिओ पंचाने तपासलं, तर तो ऑफसाइड नव्हता. पण मैदानावर गोलच दिला आहे, अशा समजुतीत त्याने ‘तपासणी पूर्ण’ असं कळवलं. खेळ पुन्हा सुरू झाला, आणि एकदा सुरू झाला की नियमाप्रमाणे मागे जाता येत नव्हतं. चित्र बरोबर, रेषा बरोबर, बघणाराही बरोबर, तरी निकाल चूक! पंचांच्या संघटनेने चूक मान्य केली, पण सामन्याचा निकाल तोच राहिला.

इंग्रज विधिज्ञ हार्ट यांनी 1961 च्या ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’ या ग्रंथात खेळाचाच दाखला दिला आहे. त्यांचं सांगणं असं: गुण लिहिणाऱ्याचा निर्णय अंतिम असतो, म्हणून तो अचूक असतो असं नाही. अंतिम असणं वेगळं, अचूक असणं वेगळं. पंच म्हणेल तोच गुण, असा नियम केला तर तो खेळ दुसराच झाला. त्यात पंच चुकूच शकत नाही, कारण चुकायला नियमच उरत नाही. आपला पंच अंतिम आहे, पण नियमाच्या वर नाही. म्हणून ‘पंच चुकले’ हे वाक्य सभ्यपणे उच्चारण्याचा हक्क खेळाडूला आहे.

आणि पंचालाही चूक दुरुस्त होण्याची लाज वाटू नये. फेब्रुवारी 1980, वानखेडेवरची सुवर्णमहोत्सवी कसोटी. इंग्लंडच्या बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं. भारताचा कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ पंचांकडे गेला आणि टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथम यांनी पुढे 171 धावांची भागी केली, भारत हरला. विश्वनाथचं नाव मात्र आजही आदराने घेतलं जातं. तेव्हा कॅमेऱ्याची मदत नव्हती. होती ती प्रतिस्पर्ध्याची साक्ष, आणि तिच्याइतकी वजनदार साक्ष दुसरी नाही.

मग अहिल्यानगरचं काय?

लाथ चूकच. त्यात ‘पण’ नाही. पंचाच्या अंगावर हात पडू लागले तर उद्या शिट्टी घ्यायला कोणी पुढे येणार नाही, आणि पंचाशिवाय कुस्ती म्हणजे नुसती मारामारी.

तरीही व्यवस्थेला एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्याला अन्याय झाला असं वाटतं, त्याला त्या क्षणी दाद मागायची वाट आहे का, आणि ती त्याला दिसते का? आंतरराष्ट्रीय कुस्तीत प्रशिक्षक गुणाच्या निर्णयाला आव्हान देऊ शकतो. आव्हान फसलं तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. क्रिकेटमध्ये मोजकीच आव्हानं हातात असतात. दाद मागायला किंमत आहे, म्हणून कोणी उगाच मागत नाही. दाद मागायची सोय आहे, म्हणून माणूस शांत राहू शकतो. दार बंद असलं की लोक भिंतीवर डोकं आपटतात.

कॅमेरा आणला म्हणजे सगळे सुखी, असंही नाही. 2024 मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या 20 क्लबांपैकी 19 क्लबांनी व्हिडिओ पंच ठेवायचं ठरवलं. त्याच वर्षी स्वीडनने तो नाकारला. तिथल्या क्लबांवर प्रेक्षक-सभासदांचा ताबा आहे. गोल झाल्यावर दोन मिनिटं श्वास रोखून बसायचं आम्हाला नको, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही देश शहाणेच आहेत. अचूकता किती हवी आणि खेळाचा ओघ किती हवा, हा हिशोब प्रत्येक समाज आपापला करतो.

श्रोत्यांतून आलेला एक प्रश्न

‘सर, आमच्या गावच्या दंगलीत कुठून आणायचे कॅमेरे?’

प्रश्न रास्त आहे. आपल्या भाषेत पंच हा शब्दच पाच या आकड्यावरून आला आणि आपण ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणतो. एकामुखी म्हणत नाही! याचा अर्थ असा की एका डोळ्याची मर्यादा आपल्या पूर्वजांना कॅमेऱ्याच्या आधीपासून ठाऊक होती. तेव्हा गावात तीन गोष्टी फुकट करता येतात. आखाड्याच्या दोन बाजूंना दोन जाणते पंच उभे करा, म्हणजे एकाला खांदा दिसला नाही तर दुसऱ्याला दिसेल. कुस्ती लावण्याआधी नियम मोठ्याने सांगा: चितपट कशाला म्हणणार, बरोबरीत कधी सोडवणार, दाद कोणाकडे मागायची. आणि निकाल देताना कारण सांगा. ‘चित झाला’ एवढ्यावर थांबू नका. ‘दोन्ही खांदे टेकलेले आम्ही दोघांनी पाहिले’ असं म्हणा. कारण ऐकलेल्या माणसाला हार पचवायला सोपी जाते.

कॅमेरा मिळाला तर जरूर लावा. पण तो साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. त्याला काय विचारायचं आणि त्याच्या उत्तराचं काय करायचं, हे ठरवणारी माणसं आपल्यालाच घडवावी लागतील.