घोडीचा पोटशूळ आणि त्याचा जमाखर्च

शेतकऱ्याच्या घरीं बैलाचें दुखणें फार वेळ लपून राहत नाहीं. रवंथ थांबलें, कान गार लागले, वैरणीवरून तोंड फिरविलें, कीं घरांतील जाणतें माणूस कंदील घेऊन गोठ्यांत जातें. हें ज्ञान आम्हांस कोणी शिकविलेलें नाहीं. तें बैलांच्या सहवासानें आलेलें आहे. घोड्यासंबंधानें मात्र तसें राहिलेलें नाहीं. आमच्या आजोबांच्या दारांत तट्टू असे व त्याचे रोग जाणणारा सालोत्री पंचक्रोशींत मिळे. पुढें मोटारसायकल आली, तट्टू गेलें, आणि त्याच्याबरोबर तें शहाणपणही गेलें.

अलीकडे घोडी पुन्हां दाराशीं आली आहे, ती निराळ्या कारणानें. बैलगाडा-शर्यती इ. स. २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बंद झाल्या होत्या. १६ डिसेंबर २०२१ रोजीं त्यांस अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ च्या निकालानें महाराष्ट्राचा याविषयींचा कायदा कायम झाला. खेड, जुन्नर, आंबेगांव, मावळ या बाजूच्या घाटांत गाड्यापुढें घोडी धांवते, हें वाचकांस सांगावयास नको. शर्यती सुरू होतांच पुष्कळांनीं घोड्या घेतल्या. त्यांत माझा मुलगाही एक. घोडी आली, पण घोड्याची माहिती असलेलें माणूस घरांत एकही नव्हतें. आम्हीं तिला बैलाप्रमाणें वागविलें, आणि पुढील सर्व हकीकत त्या एका चुकींतून निघाली.

गेल्या वैशाखांत हिरवा चारा संपला. बैलांस जो कडबा पडे तोच, तितकाच जाडाभरडा, तिच्याही पुढें पडूं लागला. हा बदल एका दिवसांत झाला. उन्हानें हौदाचें पाणी तापलेलें असे. तें ती हुंगून सोडून देई. घोड्यास दिवसास पंचवीस ते पन्नास लिटर पाणी लागतें, उन्हाळ्यांत याहूनही अधिक, हें मला तेव्हां ठाऊक नव्हतें. एके सायंकाळीं तिनें चंदी टाकली. "दमली असेल," असें मीं म्हटलें आणि जेवावयास गेलों. पहांटे पाहतों तों ती पुढील पायानें जमीन उकरीत होती, वारंवार मान वळवून आपल्या कुशीकडे पाहत होती, बसत होती, उठत होती, लोळत होती. अंग घामानें ओलें झालें होतें. लीद रात्रभर पडली नव्हती.

त्या वेळीं १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकास कळवावें हें सुचलें नाहीं. गुरांस औषध पाजणारा एक गृहस्थ बोलाविला. त्यानें हिंग, ओवा व गोडें तेल बांबूच्या नळ्यानें पाजलें. घोडी ठसकली, अर्धें तेल नाकांतून परत आलें. तो ५०० रुपये घेऊन गेला व आम्ही दुपारपर्यंत गुण येण्याची वाट पाहत बसलों. पुढें डॉक्टरांनीं सांगितलें कीं, घोड्याचें तोंड वर धरून जबरीनें तेल पाजलें असतां तें फुप्फुसांत जाऊन जनावर त्यानेंच दगावतें. तेलकट औषध द्यावयाचें तर तें नाकावाटे जठरापर्यंत नळी घालूनच द्यावें लागतें; आणि ती घालणें हें हाताला सवय असलेल्याचेंच काम आहे.

येथें थोडें शरीररचनेविषयीं लिहितों, कारण तें कळल्यावांचून खर्चही कळावयाचा नाहीं. बैलास चार कप्प्यांचें पोट असतें व खाल्लेलें तो पुन्हां तोंडांत आणून चावतो. घोड्याचें जठर एकच, आणि शरीराच्या मानानें फारच लहान, सुमारें आठ ते पंधरा लिटरांचें. जठराच्या तोंडाशीं असलेला स्नायू इतका आवळ असतो कीं घोड्यास ओकारी होत नाहीं. आंत गेलेलें पुढेंच गेलें पाहिजे. चोथा कुजवून त्यांतून सत्त्व काढण्याचें जें काम बैलाच्या पहिल्या पोटांत होतें, तें घोड्याच्या मोठ्या आंतड्यांत होतें. हें आंतडें ओटीपोटाजवळ एकदम वळतें, आणि त्या वळणावर तें अरुंदही होतें. जाड वैरण व कमी पाणी यांची गांठ पडली म्हणजे तेथें गोळा अडकतो, पाटाच्या मोरीत पाचोळा अडकावा तसा. मागें वायु कोंडतो, आंतडें ताणतें, आणि तो ताण म्हणजेच पोटशूळ. आमच्या घोडीचें दुखणें हेंच होतें.

सायंकाळीं डॉक्टर आले. खासगी व्यवसाय करणारे, वयानें तरुण, पण घोडा पाहिलेले. त्यांनीं प्रथम नाडी मोजली. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटास २८ ते ४४ असते. हिची ६४ भरली. ताप नव्हता. हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परत यावी, ती उशिरानें येत होती. म्हणजे अंगांतील पाणी आटलें होतें. वेदनाशामक टोंचलें, नळीवाटे लिक्विड पॅराफिन दिलें. नळी त्यांची स्वतःची होती. गांवच्या जवळच्या दवाखान्यांत त्या दिवशीं घोड्यास लागणारी नळी नव्हती. दुसऱ्या सकाळीं पुन्हां आले, शिरेंतून वीस लिटर सलाईन दिलें. अर्ध्या लिटरच्या चाळीस बाटल्या आम्हीं पाळीपाळीनें धरल्या. तरी लीद नाहीं, आणि औषधाचा अंमल उतरतांच कळ पुन्हां येई.

तेव्हां त्यांनीं मला बाजूस बोलावून जें सांगितलें तें मी येथें जसेंच्या तसें लिहितों. "आप्पा, हा गोळा असेल तर पाण्यानें सुटेल. पण आंतड्यास पीळ पडला असेल तर औषधानें कांहीं होणार नाहीं. त्यास शस्त्रक्रियाच, तीही थोड्या तासांत, आणि ती मोजक्याच ठिकाणीं होते. खर्च लाखाच्या वर जाईल, आणि जनावर वांचेल असें वचन कोणी देणार नाहीं. मोठ्या रुग्णालयांत न्यावयाचें असेल तर आतां न्या. तुमची तयारी किती, तें आधीं ठरवा."

तयारी किती! तीस वर्षें मीं महसूल खात्यांत कारकुनी केली. मेलेल्या जनावरांचे पंचनामे किती लिहिले त्याची गणती नाहीं. त्यांत किंमतीचा रकाना असतो व तो भरतांना माझा हात कधीं अडखळला नाहीं. जिवंत जनावरापुढें उभें राहून तोच रकाना भरण्याची पाळी प्रथमच आली. घोडी दोन वर्षांपूर्वीं ८०,००० रुपयांस घेतली होती. घरांत खरिपाच्या बी-खताचे ४५,००० बाजूस काढलेले होते; पेन्शन यावयास बारा दिवस अवकाश होता. मुलगा म्हणाला, "आप्पा, कर्ज काढूं, पण न्यायचीच." घरांतून आवाज आला, "अहो, घोडी वांचवा, माझें ना नाहीं. पण पेरणी चुकली तर वर्ष जाईल, तें कोण भरून देणार?" दोघांचेंही खरें होतें.

मीं ओट्यावर बसून कागदावर आंकडा लिहिला : ४०,०००. तोंपर्यंत झालेला खर्चही त्यांतच धरावयाचा. शस्त्रक्रिया नाहीं. पीळ निघाला तर घोडीचे हाल न वाढवितां डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें शेवट करावयाचा. मुलगा तो कागद वाचून उठून गेला व तासभर बोलला नाहीं. पण गाडींत वाळूमाती व पेंढा पसरावयास तोच पुढें झाला. हें निष्ठुरपणाचें वाटेल. परंतु आंकडा घरीं ठरला म्हणूनच रुग्णालयाच्या आवारांत, रात्रीं दोन वाजतां, घोडी कण्हत असतांना आम्हांस तो ठरवावा लागला नाहीं. त्या वेळीं मनुष्य कशासही हो म्हणतो.

गाडीवाल्यानें अडलेली नड पाहून भाडें सांगितलें ७,५००. त्याच वाटेनें तो भाजी ३,५०० मध्यें नेतो. घासाघीस करावयास वेळ नव्हता. तीन तासांनीं आम्ही पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत पोंचलों. तेथें गुदद्वारावाटे हात घालून तपासणी झाली आणि गोळा त्या वळणाशींच आहे, पीळ नाहीं, असा निर्णय मिळाला. मग दोन रात्री सलाईन, नळीवाटे पाणी व सारक औषध, आणि तोंडास मुसकें बांधून पूर्ण उपास. तिसऱ्या पहांटे ओलसर, तेलकट लीद पडली. कारकुनास हर्ष व्यक्त करण्याची संवय नसते. मीं ती वेळ वहींत टिपून ठेविली : ४ वाजून २० मिनिटें.

आतां जमाखर्च. तेल पाजणारा ५००. डॉक्टरांच्या दोन खेपा २,५००. गांवीं लागलेलीं औषधें व सलाईन ५,६१०. जातांना गाडी ७,५००. रुग्णालयाचें शुल्क व रक्ततपासणी १,१५०. तेथें बाहेरून आणिलेलें औषध व सलाईन ९,८००. दोन माणसांचें तीन दिवसांचें खाणें १,९००. परतीची गाडी ६,५००. घरीं आल्यावर जंताचें व इतर औषध ६८०. एकूण ३६,१४० रुपये.

हा हिशेब मीं पुष्कळदां पाहिला. डॉक्टर महाग, असें आपण सरसकट बोलतों. पण डॉक्टर आणि रुग्णालय मिळून ३,६५० झाले, आणि गाडीस १४,०००. पहिल्याच सकाळीं नळीनें औषध व पाणी पोंचलें असतें तर बहुधा ही गाडी लागलीच नसती, असें रुग्णालयांतील डॉक्टरांचें मत पडलें. म्हणजे ५०० रुपयांचें तेल मला सर्वांत महाग पडलें.

विम्याविषयीं अनेकांनीं विचारलें. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विमा योजनेंत गाई-म्हशींप्रमाणें घोडाही बसतो, आणि फेब्रुवारी २०२४ मधील केंद्राच्या निर्णयानें हप्त्यांतील शेतकऱ्याचा वांटा १५ टक्के ठरला. परंतु हा विमा जनावर मेल्यावर भरपाई देतो. औषधोपचाराचा खर्च देत नाहीं. तेव्हां विमा उतरावा, पण आजाराचा पैसा निराळाच ठेवावा लागतो. मीं त्या महिन्यापासून पोस्टांत घोडीच्या नांवाचें म्हणून महिन्यास १,००० टाकतों. खातें अर्थात माझ्या नांवें आहे. टपाल कचेरी घोडीची सही घेत नाहीं.

ठाणापाशीं आतां एक पाटी आहे. तिच्यावर डॉक्टरांचा क्रमांक, १९६२, आणि दोन गाडीवाल्यांचे क्रमांक, भाडें आधीं ठरवून लिहिलेलें. तिची स्वस्थ असतांनाची नाडी ३६, तीही लिहिली आहे. कारण आजारांत मोजलेली नाडी कशाशीं ताडावी हें त्यावांचून समजत नाहीं. जबड्याच्या खालच्या कडेस बोट ठेविलें असतां ती सहज लागते. मुलानें एका दिवसांत शिकून घेतली. कडब्याची आतां कुट्टी करितों, वैरण बदलावयाची ती आठ-दहा दिवसांत थोडी थोडी करून बदलतों, आणि पाणी सांवलींत माठाच्या रांजणांत भरून ठेवितों. चंदी टाकली कीं वैरण काढून घेतों व फोन करितों. वाट पाहत नाहीं. लोळून इजा होईल अशी स्थिति असेल तर हळूहळू फिरवितों, पण थकेपर्यंत पळवीत नाहीं, कारण तशीही एक समजूत आमच्याकडे आहे.

बियाणें त्या सालीं सोसायटीकडून उधार आणावें लागलें; तें दिवाळीनंतर फिटलें. उरलेल्या जत्रांत घोडी घाटांत उतरली नाहीं. मुलानें गाड्यापुढें शेजाऱ्याची घोडी मागून नेली, आणि जातांना तिच्या मालकास तिची नाडी किती, म्हणून विचारलें. त्यास ती सांगतां आली नाहीं, तेव्हां यानें तेथेंच उभें राहून मोजून दिली.