अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४०

१ डिसेंबर १९४८ची सकाळ. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहराजवळ सोमर्टन पार्कच्या किनाऱ्यावर, समुद्राच्या भिंतीला डोकं टेकून एक माणूस मृतावस्थेत आढळला. अंगात सूट, गळ्यात टाय, पायात चकचकीत बूट. वय चाळिशीच्या आसपास, बांधा उत्तम. खिशात कंगवा, काडेपेटी, च्युइंगम, सिगारेटी, आगगाडीचं एक न वापरलेलं तिकीट आणि बसचं एक वापरलेलं. पाकीट नाही, ओळखपत्र नाही. कपड्यांवरची लेबलं काढून टाकलेली. शवविच्छेदनात प्लीहा बरीच वाढलेली दिसली, जठरात रक्तसंचय होता. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना विषाचा संशय आला, पण रासायनिक तपासणीत विष सापडलं नाही. पुढे काही महिन्यांनी पँटच्या आतल्या छोट्या खिशात कागदाची एक बारीक गुंडाळी मिळाली. तिच्यावर दोनच शब्द छापलेले होते, ‘तमाम शुद’. फार्सीत याचा अर्थ ‘समाप्त’. उमर खय्यामच्या रुबायांच्या इंग्रजी पुस्तकाचं शेवटचं पान फाडून तो कपटा काढलेला होता.

शीतयुद्धाचे दिवस होते. गुप्तहेर, सांकेतिक भाषा, प्रेमभंग, सगळ्या तऱ्हेच्या कहाण्या रचल्या गेल्या. मला मात्र या प्रकरणात हेरगिरीपेक्षा पोलिसांनी मृतदेहाची केलेली नोंद जास्त महत्त्वाची वाटते. ॲडलेडच्या लोकांना माणसाचं नाव कळलं नाही. पण उद्या कुणी ते विचारायला आलं तर उत्तर देता यावं, एवढी तयारी त्यांनी करून ठेवली. बोटांचे ठसे घेऊन परदेशांत पाठवले. दातांची नोंद केली: वरच्या जबड्यातले सुळ्यांच्या अलीकडचे दोन्ही दात नव्हते. मृतदेह टिकावा म्हणून त्यात औषधी द्रव्य भरलं. खांद्यापर्यंतचा प्लास्टरचा पुतळा करून घेतला. जून १९४९ मध्ये दफन केलं तेही मुद्दाम कोरड्या जागी, पुन्हा उकरावं लागलं तर अडचण नको म्हणून.

हा पुतळाच सत्तर वर्षांनी कामाला आला. प्लास्टर ओतताना त्या माणसाचे काही केस साच्यात अडकून राहिले होते. ॲडलेड विद्यापीठातले प्राध्यापक डेरेक ॲबट यांनी अनेक वर्षं या प्रकरणाचा पिच्छा पुरवला होता. पूर्वी मुळाशिवायच्या केसातून फक्त मायटोकॉन्ड्रियातला डीएनए मिळत असे, म्हणजे आईकडून आलेला एक छोटासा भाग. आता केसाच्या दांड्यातले बारीक, तुटके तुकडे जोडूनही पेशीकेंद्रातला डीएनए वाचता येतो. तो वाचला गेला आणि वंशावळीच्या हौसेपोटी लोक जिथे स्वतःचा डीएनए जमा करतात अशा साठ्याशी ताडून पाहिला. दूरचे चुलत-मामे नातेवाईक मिळाले. त्यांच्यावरून ॲबट आणि अमेरिकेतल्या वंशावळतज्ज्ञ कोलीन फिट्झपॅट्रिक यांनी सुमारे ४,००० माणसांचा वंशवृक्ष उभा केला. जुलै २०२२ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की हा माणूस म्हणजे कार्ल ‘चार्ल्स’ वेब, जन्म १९०५, मेलबर्नचा, विद्युत उपकरणं बनवणारा. रेल्वे स्थानकावर सापडलेल्या बेवारस बॅगेतल्या टायवर ‘टी. कीन’ असं नाव होतं आणि त्यावरून पोलिसांनी किती जंगजंग पछाडलं होतं. वेबच्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव होतं थॉमस कीन. मेव्हण्याचे जुने कपडे! या घोषणेवर पोलिसांनी तेव्हा शिक्कामोर्तब केलं नाही. त्यांनी २०२१ मध्ये स्वतंत्रपणे मृतदेह उकरून तपास सुरू केला होता. मृत्यूचं कारण तर आजही ठाऊक नाही.

मला चटका लागला तो वेगळ्याच गोष्टीने. वेबचं पत्नीशी पटत नव्हतं, १९४७ मध्ये तो घरातून निघून गेला होता. १९५१ मध्ये पत्नीने घटस्फोटासाठी अर्ज केला. म्हणजे एका कागदावर एक नवरा परागंदा होता आणि दुसऱ्या कागदावर एक मृतदेह बेनाव होता. दोन्ही कागद कधी एकमेकांसमोर आले नाहीत.

आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या शवागारात जा, हेच दोन कागद वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले दिसतील. रेल्वे रूळ, कालवा, महामार्ग, बसस्थानक, फूटपाथ. पोलीस पंचनामा करतात, आकस्मिक मृत्यूची नोंद होते, मृतदेह आमच्याकडे येतो आणि रजिस्टरमध्ये नावाच्या रकान्यात ‘अनोळखी’ लिहिलं जातं. आठवडाभर वाट पाहिली जाते, जागेची टंचाई असेल तर त्याहून कमी. मग पोलीस किंवा एखादी संस्था अंत्यसंस्कार करते. काही मृतदेह १९४९च्या ॲनॅटमी कायद्यानुसार वैद्यकीय महाविद्यालयांना जातात. आम्ही ज्या शरीरांवर शरीररचनाशास्त्र शिकलो त्यांतली बरीच अशीच होती. तेव्हा विसाव्या वर्षी आम्हाला ही माणसं कोण, असा प्रश्न पडला नव्हता.

चेहऱ्यावरून ओळखता येत नाही का, असं लोक विचारतात. दोन-तीन दिवस उन्हात किंवा पाण्यात राहिलेला चेहरा फुगतो, काळा-हिरवा पडतो, डोळे आणि जीभ बाहेर येतात. सख्खा भाऊसुद्धा चुकतो. कधी ‘हा नव्हे’ म्हणून परत जातो, कारण त्याला तो असायला नको असतो. कधी उलट ‘हाच’ म्हणून घेऊन जातो, दहावं-तेरावं उरकतो आणि महिन्याने हरवलेला माणूस दारात उभा राहतो. अशा बातम्या आपण याच पानांत वाचतो, हसतोही. पण मग ज्याला अग्नी दिला तो कोण होता?

म्हणून ओळख पटवण्याच्या शास्त्रात चेहऱ्याला आणि कपड्यांना दुय्यम मानतात. इंटरपोलच्या मते मुख्य पुरावे तीनच: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. पाण्यात राहिल्याने हाताची कातडी मोज्यासारखी निघून आली तरी ती फेकायची नसते. तज्ज्ञ ती आपल्या हातमोज्यावर चढवून ठसा घेतात. हाडं बसवायला घातलेल्या प्लेटवर किंवा पेसमेकरवर निर्मात्याचा क्रमांक असतो, त्यावरून रुग्णालयापर्यंत आणि रुग्णापर्यंत पोचता येतं. नुसता सांगाडा असेल तर कंबरेच्या हाडांवरून स्त्री की पुरुष हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं, मांडीच्या हाडावरून उंची काही सेंटिमीटर इकडेतिकडे धरून काढता येते. तरुणाचं वय चांगलं कळतं, कारण हाडांची टोकं ठरावीक वयाला जुळतात. गळ्याजवळचं कॉलरबोनचं टोक सर्वांत शेवटी, पंचविशीच्या पुढे जुळतं. चाळिशीनंतर मात्र आमचा अंदाज दहा-दहा वर्षांनी चुकू शकतो. रजिस्टरमधलं ‘वय अंदाजे ४०’ हे त्यामुळेच जपून वाचायचं असतं.

आधारचे ठसे आहेत ना, हा पुढचा प्रश्न. जिवंत माणसाच्या बाबतीत आधारने खरोखर घरं जोडून दिली आहेत: मतिमंद मुलाची नव्याने नोंदणी करायला गेलं की ‘हे ठसे आधीच नोंदले आहेत’ म्हणून अर्ज फेटाळला जातो आणि त्यावरून जुना पत्ता निघतो. मृतांसाठी मात्र कायदा आडवा येतो. आधारचे मूळ ठसे तपास यंत्रणेला देता येत नाहीत. प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात तांत्रिक अडचणीही सांगितल्या. पोलिसांकडे स्वतःचे ठशांचे साठे आहेत, पण ते मुख्यतः गुन्हेगारांचे. ज्याने आयुष्यात काही गुन्हा केला नाही, तो मेल्यावर सापडायला जास्त कठीण, अशी ही गंमत आहे.

वंशावळीची ॲडलेडसारखी युक्ती इथे लगेच चालेल असं मला वाटत नाही. त्या साठ्यांत बहुतेक युरोपीय वंशाचे लोक आहेत. शिवाय आपण शेकडो वर्षं जातीतच लग्नं केली, त्यात मामाच्या मुलीवरचा हक्क वेगळा. त्यामुळे कुठलाच जवळचा संबंध नसलेल्या दोन माणसांचा डीएनएसुद्धा लांबच्या भावंडांइतका जुळू शकतो आणि वंशवृक्ष भरकटतो. पण आपल्याला एवढ्या लांब जायचं कारणच नाही. आई, वडील किंवा मूल यांच्याशी ताडून पाहणं हे जुनं, पक्कं तंत्र आहे. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात: मृतदेहाचा नमुना जपलेला हवा आणि नातेवाइकाचा नमुना घेतलेला हवा. मग दोन्ही एका ठिकाणी यायला हवेत.

अडतं ते इथेच. अमेरिकेत बेपत्ता आणि बेनाव मृतदेहांची नॅमअस ही एकच राष्ट्रीय नोंद आहे. तिथे दरवर्षी सुमारे ४,४०० अनोळखी मृतदेह सापडतात, त्यांतले हजारेक वर्ष उलटल्यावरही अनोळखीच राहतात, असा त्यांचाच अंदाज आहे. आपल्याकडे बेनाव मृतदेहांच्या डीएनएसाठी लोकनीती फाउंडेशन सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. सरकारने कायदा आणण्याचं सांगितलं. डीएनए विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं आणि जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. त्याला खासगीपणाच्या मुद्द्यावर आक्षेप होते आणि त्यांतले काही मलाही पटतात; गुन्हेगारांचा साठा आणि हरवलेल्यांचा साठा एकाच गाठोड्यात बांधायला नको होता. पण हरवलेल्यांचा भागही त्यासोबत बुडाला.

आता माझी एक चूक सांगतो. नव्वदच्या दशकात मी एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होतो. कालव्यात सापडलेला एक मृतदेह आला, तिशी-पस्तिशीचा पुरुष. शवविच्छेदन केलं, बुडून मृत्यू असं मत दिलं. अंगावरच्या खुणांच्या रकान्यात लिहिलं, ‘उजव्या हातावर गोंदण आहे’. चार ओळींत काम संपवलं, बाहेर ओपीडी तुंबली होती. तीन महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातून एक बाई आल्या, सोबत दीर. पोलिसांकडच्या फोटोत काही समजत नव्हतं. कपड्यांचं गाठोडं ओलं राहून कुजलं होतं. बाईंनी विचारलं, ‘साहेब, गोंदण होतं म्हणता, त्यात काय लिवलं हुतं? ह्यांच्या हातावर थोरलीचं नाव हाय, जत्रेत गोंदवलेलं.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. अक्षरं होती, एवढं आठवत होतं. कुठली, ते आठवत नव्हतं. दीर मुकाट्याने उभा होता. जाताना बाई म्हणाल्या, ‘मग मी कुंकू लावू का नको, तेवढं तरी सांगा.’

अशा दुःखाला पॉलीन बॉस या अमेरिकी संशोधक बाईंनी ‘अनिश्चित वियोग’ अशा अर्थाचं नाव दिलं आहे. माणूस गेला असं म्हणता येत नाही, आहे असंही म्हणता येत नाही, त्यामुळे शोक सुरूच होत नाही आणि संपतही नाही. अशा घरांतल्या बायका आमच्याकडे येतात त्या झोप नाही, छातीत धडधडतं, अन्न जात नाही म्हणून. ईसीजी नॉर्मल येतो. त्यात व्यवहाराची बाजू आहेच: बेपत्ता माणूस मृत समजायला कायद्याने सात वर्षं लागतात आणि तोवर विमा, पेन्शन, सातबारावरचं नाव, सगळं लटकतं.

त्यानंतर मी गोंदण असेल तसं उतरवून घेऊ लागलो, चुकलेल्या वेलांटीसकट, आणि बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो. शिंप्याचं लेबल, धोब्याची खूण, दातात बसवलेली चांदी, जुन्या टाक्यांची लांबीही. आमच्याकडच्या तरुण डॉक्टरांना मी सांगतो, की अनोळखी मृतदेहाची एक दाढ काढा, कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको, आणि चुकूनही फॉर्मलिनमध्ये नको. त्याने डीएनए खराब होतो. रक्ताचे चार थेंब खास कागदावर वाळवून ठेवले तर ते फ्रीजशिवाय वर्षानुवर्षं टिकतात. ॲडलेडने माणूस कोरड्या मातीत पुरला होता. आपल्याकडे अग्नी दिल्यावर उकरायला काही उरत नाही, म्हणून जे ठेवायचं ते आधीच.

घरच्यांनीही काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. चोवीस तास थांबल्याशिवाय तक्रार घेत नाहीत हा गैरसमज आहे, असा नियम नाही. मूल हरवलं असेल तर २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार गुन्हाच नोंदवायला हवा. तक्रारीसोबत लग्नातला नटलेला फोटो देण्यापेक्षा नुकताच काढलेला, दात दिसतील असा हसरा फोटो द्या. शस्त्रक्रियेची कागदपत्रं, दातांचे एक्स-रे, हाडात बसवलेल्या प्लेटची पावती शोधून ठेवा. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांच्या सदऱ्याच्या आत फोन नंबर शिवून टाका. शेजारच्या जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांनाही विचारा, माणूस आगगाडीत बसला की तालुका मागे पडतो.

आणि हरवलेल्याची आई हयात असेल तर तिच्या रक्ताचा नमुना घ्यावा म्हणून तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या. टाळाटाळ झाली तर वरिष्ठांकडे जा. दहा-बारा वर्षांनी कुठे हाडं सापडली तर ती ताडून पाहायला तेव्हा ती म्हातारी असेलच असं नाही. कालव्यातल्या त्या माणसाची आईही त्या दिवशी आली होती. बाहेर बाकावर बसून होती, हातात त्याच्या मापाचा नवा सदरा.