चिआंग माईत महिनाभराची खोली घेताय? आधी वायफाय तपासा

लॅपटॉपवर काम करत महिनाभर परदेशात राहायचं, तर थायलंडमधलं चिआंग माई मला सगळ्यात सोयीचं वाटतं. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास पुढे. निम्मान भागात कॅफे, को-वर्किंग सगळं चालत जाण्याच्या अंतरावर; थोडं स्वस्त हवं तर जवळच्या सांतितमला बघा.

पण जाहिरातीतल्या ‘फ्री वायफाय’वर विसंबू नका. काही इमारतींत एकच जोडणी सगळ्या मजल्याला असते. दुपारी झकास चालते, रात्री सगळे परतले की कॉल अडकतो. म्हणून सरळ विचारा, राउटर माझ्याच खोलीत आहे का? स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट मागा, तोही रात्री नऊचा, खोलीतल्या टेबलाजवळ काढलेला. त्यात अपलोडचा आकडा आधी बघा. एचडी व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात, पण ते सलग मिळायला हवेत. एअरबीएनबीवर काही मालक ॲपमधूनच वेग मोजून दाखवतात, ती नोंद जास्त भरवशाची.

आधी दोन-तीन रात्रीच बुक करा, एखादा कॉल करून बघा, मगच महिन्याचं भाडं भरा. हॉटस्पॉटसाठी स्थानिक सिम हवंच. आणि फेब्रुवारी ते एप्रिल शेतं-जंगलं जळण्याच्या धुराने तिथली हवा फार बिघडते. ते महिने टाळाच.