जुन्या जीपचे मागचे पाटे

1947 मध्ये महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या वंशातली हौसेने जपलेली गाडी बुरोंडीसारख्या समुद्रकाठच्या गावी असेल, तर मागच्या आसावर गाडीचा भार तोलणारी पाट्यांची चळत आधी तपासावी, कारण खारी ओल पाट्यांच्या फटींत शिरून पोलाद आतून पोखरते आणि गंजाच्या खळीपासूनच तडा सुरू होतो.

नवा पाटा घडवताना सिलिकॉन-मँगनीजयुक्त स्प्रिंग पोलादाची पट्टी लालबुंद तापवून कमानीत वाकवतात, तेलात विझवतात आणि पुन्हा बेताच्या आचेवर तापवून तिचा ठिसूळपणा घालवतात; या अखेरच्या क्रियेला टेंपरिंग म्हणतात. वेल्डिंगची आच टेंपरिंगने आलेला चिवटपणाच नष्ट करते, म्हणून तुटका पाटा जोडणे सर्वथा अयोग्य होय. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढत असल्याने 6 मिलिमीटरऐवजी 8 मिलिमीटरचा पाटा सुमारे 2.4 पट ताठ होतो, आणि ‘जरा मजबूत’ करण्याच्या मोहात गाडी उसळू लागते.

मुख्य पाट्याच्या दोन्ही टोकांना वळवलेल्या डोळ्यांत बुश बसतात. त्यांपैकी एक टोक शॅकलला, म्हणजे झुलत्या कडीला, जोडतात, कारण भाराखाली कमान सपाट होताना तिच्या टोकांमधले अंतर वाढते.